एका हाताची खुर्ची

४ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण खोलीत आडवं व्हायला जागा नाही, सगळीकडे पुठ्ठा पसरलाय. म्हणून उभ्यानेच नमस्कार, वि. वि.

फोनवर मी थापा मारते आणि कागदावर पकडली जाते, म्हणून तू मला पत्रंच लिहायला लावतेस. तर घे, पकड. एक उपद्व्याप करून बसलेय.

आमच्या शिल्पकलेच्या मॅडमनी काम दिलं होतं की घरातली एक वस्तू पुठ्ठ्यात करा, खऱ्या मापाची. सगळ्यांनी जीव काढला. होस्टेलवर माझ्या खोलीतली भिंग (हिचा चष्मा एवढा जाड आहे की उन्हात बसली तर पुढची वही पेटेल) शिलाई मशीन करत होती, सुईसकट. मी काय केलं, कोपऱ्यावरच्या दुकानामागे फ्रिजचं रिकामं खोकं पडलं होतं ते ओढत आणलं, एका बाजूला दार कापलं, त्याला पुठ्ठ्याची मूठ बसवली आणि वर्गात नेऊन उभं केलं. म्हटलं, फ्रिज. मापात आहे, पुठ्ठ्याचाच आहे. अख्खा वर्ग लोळला. मॅडम नाही हसल्या. त्यांनी मूठ धरून दार उघडलं, आत डोकं घातलं आणि विचारलं की आत काय आहे. मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या की ते दिसतंच आहे.

मग निकाल असा लागला. वर्ष वाचवायचं असेल तर याच खोक्यातून वस्तू करायची, दुसरा चिटोराही घ्यायचा नाही. गोंद नको, चिकटपट्टी नको, खिळा नको, नुसत्या खाचा पाडून तुकडे एकमेकांत अडकवायचे. आणि वस्तू बसता येईल अशी पाहिजे. सगळ्यांसमोर मी तिच्यावर बसायचं, मॅडमचा चहा संपेपर्यंत. मोडली तर माझं नाव पटावरून गेलं. आणि आमच्या मॅडम चहा फुंकून फुंकून पितात, कपात वादळ येईपर्यंत.

काय करणार विचारलं तर माझ्या तोंडातून निघून गेलं की बाबांची खुर्ची. दुसरं काही सुचलंच नाही. त्याच खुर्चीच्या उशीखाली बाबा कागदाची पिशवी फुगवून ठेवायचे ना, आणि मामा बसला की फट्. मामा दर वेळी फसायचा, आणि दर वेळी बाबा आधी त्याच्याकडे बघून विचारायचे की पोट बरं आहे ना.

तर मला मापं पाठव, सगळी. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून मी दवाखान्यात येऊन गेले तेवढीच, घरी आलेच नाही, त्यामुळे खुर्ची आठवतेय ती लहानपणच्या उंचीवरून. बाबा अजून सगळ्याला "बरं" एवढंच म्हणतात का? की एखादा शब्द वाढला?

लोभ आहेच, तो पाण्यापासून लांब ठेवावा.

तुझी,
लवंगी


११ ऑगस्ट

चि. लवंगीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे रागावून.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, फ्रिजसकट. तू त्यांची लेक आहेस हे कुणाला पटवायला नको. ज्या माणसाने भरलेली बस थांबवून शेवटचा थांबा आला म्हणून सांगितलं आणि सगळे उतरल्यावर अजून चार थांबे आहेत म्हणून परत चढवलं, त्याच्या पोटी दुसरं काय येणार. ऐकून म्हणाले, बरं. वाढलेला नाही, तोच शब्द आहे.

मापं घे. बैठक जमिनीपासून वीस इंच. पूर्वी एवढी नव्हती, आता पायांखाली लाकडी ठोकळे घातलेत. रुंदी एकवीस, खोली एकोणीस. पाठ बैठकीपासून वर सव्वादोन फूट, जराशी मागे कललेली. हात बैठकीपासून नऊ इंचांवर, तीन इंच रुंद, पुढच्या टोकाला घासून गुळगुळीत झालेला. मापं घेताना बाबा खुर्चीतच होते. टेप त्यांच्या मांडीवरून ओढली, त्यांना कळलं नाही. उजवी बाजू अजून तशीच आहे, बधिर.

बाकी घर ठीक. दिवसा कामाच्या मावशी येतात, मी ऑफिसातून आले की त्या जातात. एक गोष्ट लिहून टाकते. नापास झालीस तर कुठे तोंड लपवत फिरू नकोस, सरळ घरी ये. मला हाताखाली माणूस होईल. खरं सांगू, एखाद्या दिवशी मला वाटतं तू नापास व्हावंस. मग लगेच वाटतं होऊ नयेस. मग काहीच वाटत नाही, आणि मी भांडी घासते.

वेळेवर जेव. भिंगला त्रास देऊ नकोस.

माया आहे, ती धरून चालावं.

ताई


१९ ऑगस्ट

ती. ताईस,

गुडघे टेकून नमस्कार, कारण सध्या मी गुडघ्यांवरच असते, वि. वि.

भूमितीत पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या माझ्या बहिणीने खुर्चीचा एकच हात मोजून पाठवलाय. दुसरा काय पगारवाढ झाल्यावर मोजणार होतीस? मी उजव्यावरून डावा कापला आणि तुझी अब्रू राखली.

खुर्ची उभी राहिली, बरं का. दिसायलाही अगदी तशी. भिंगने चष्मा काढून बघितलं आणि म्हणाली आता तर एकदम खरी वाटते. मी ऐटीत बसले. खुर्ची आधी काही बोलली नाही. मग उंटासारखी पुढून गुडघ्यांत मोडली, मग मागून, आणि मी जमिनीवर. काही फुटलं नाही, काही फाटलं नाही. नुसती दबत दबत गेली.

चूक माझीच. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत बारीक नळ्या असतात, दोन कागदांच्या मधे लाटा असतात ना त्या. त्या उभ्या राहिल्या तर माणसाचा भार घेतात. आडव्या ठेवल्या तर चपात्या होतात. हे मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं म्हणे. त्या तासाला मी शेवटच्या बाकावर भिंगच्या वेणीला पट्टी बांधत होते. सगळे पाय मी आडव्या नळ्यांचे कापलेत. आता खोक्याची एक बाजू आणि तळ, एवढंच उरलंय. दुसरा चिटोरा घ्यायचा नाही. पाठ आणि दोन्ही हात तेवढे नीट आहेत, पाय नव्याने करायचे.

नापास होऊन घरी येण्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं. त्याच्यावर मला विनोद सुचला नाही, म्हणून पुढे गेले.

बाबांना सांग की त्यांची खुर्ची पडली, पण पिशवी न ठेवता पडली.

लोभ सरळ उभा ठेवावा, आडवा ठेवल्यास दबतो.

तुझी,
लवंगी


२५ ऑगस्ट

चि. लवंगीस,

आशीर्वाद.

मी हात मोजायला विसरले नव्हते. डावा हात नाहीच.

जूनमध्ये सुताराला बोलावून कापून घेतला. बाबांना खुर्चीतून पलंगावर न्यायचं तर चांगल्या बाजूने न्यावं लागतं, म्हणजे डावीकडून, आणि तो हात मधे येत होता. मला एकटीला त्याच्यावरून उचलता येईनात. आता पलंग डावीकडे लावलाय आणि मी त्यांना बैठकीवरून सरकवत नेते. जमतं. सुतार कापत होता तेव्हा बाबा पलंगावरून बघत होते. सुताराने विचारलं की तुकडा ठेवायचा का. बाबा म्हणाले, बरं. म्हणून ठेवलाय, माळ्यावर आहे.

तुला कळवलं नाही, कारण कुठून सुरू करावं कळत नव्हतं. तू मापं विचारलीस, म्हणून मापं कळवली.

ताई


३ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात होते. वाचलं. काही वाटलं नाही. म्हणून पुन्हा वाचलं, की पहिल्यांदा नीट वाचलं नसेल. तरी काही नाही. मग खाली जाऊन जेवले, भिंगच्या ताटातलं पळवलं, तिने आरडाओरड केली, सगळं रोजच्यासारखं. पाय मुंग्या येऊन झोपतो ना, आपण चिमटा काढतो आणि दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं. बाबांना उजवीकडे तसंच वाटत असेल का?

संध्याकाळी ब्लेड घेतलं आणि माझ्या खुर्चीचा डावा हात काढला. कापावा लागला नाही, खाचेतून वर ओढला की आला. सुताराला एवढं सोपं गेलं नसेल.

आणि तेव्हा कळलं की तो हात नुसता शोभेचा नव्हता. पाठीला दोन्हीकडून हात धरून ठेवत होते. एक गेला तशी पाठ फिरते, पाठ फिरली की बैठक तिरकी, बैठक तिरकी की नवे पाय बाहेर. तीनदा जुळवली, तीनदा बसली. मी बसायच्या आधीच ती बसते.

मॅडम येऊन बघून गेल्या. म्हणाल्या की दुसरा हात तिथेच पडलाय, तो लाव, प्रश्न मिटेल. मी म्हटलं घरी एकच आहे. त्यांनी माझ्याकडे फ्रिजकडे बघितलं होतं तसं बघितलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले आणि ते कुणालाच पटलं नाही. लांडगा आला रे आलाची माझ्याएवढी शिक्षा कुणाला झाली नसेल. मॅडम म्हणाल्या की एक हात ठेवायचा तर ठेव, पण उरलेल्या पुठ्ठ्यात उभी कर, आणि सोमवारी दुपारी चहा.

पुठ्ठा जवळजवळ संपलाय. दोन्ही बाजूंना सारखे भक्कम पाय द्यायला पुरत नाही. कुठेतरी कमी करावं लागणार आणि कुठे ते कळत नाही. म्हणून विचारते, बाबा कसे बसतात? म्हणजे कसे असं नाही. भार कुठे टाकतात? मी डोळे मिटले की ते बस चालवताना दिसतात, ताठ, दोन्ही हात चाकावर. तसे तर आता बसत नसतील.

लगेच लिही. सोमवारच्या आत पोचू दे.

लोभ एका हाताने का होईना धरून ठेवावा.

लवंगी


५ सप्टेंबर

चि. लवंगीस,

आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

तुझा प्रश्न वाचून मी म्हणणार होते की चांगल्या बाजूवर, आणखी कुठे. मग वाटलं, रोज त्यांना त्या खुर्चीत मी बसवते, आणि हे मी कधी बघितलेलंच नाही. मी फक्त ते पडत नाहीत ना एवढं बघते.

आज रजा टाकली. दुपारी ते पलंगावर झोपले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा. लहानपणी तूच तिच्यावर चढून बसायचीस, मी अभ्यास करायचे. बसल्या बसल्या घसरल्यासारखी उजवीकडे गेले. उशी तिकडे दबून खड्डा पडलाय, उजव्या हाताच्या आतल्या बाजूचं पॉलिश गेलंय. डावीकडची उशी अजून नव्यासारखी फुगलेली आहे. तर उलटं आहे, लवंगे. ज्या बाजूला त्यांना काही कळत नाही, सगळा भार त्याच बाजूवर आहे. बधिर हात खुर्चीच्या हातावर सोडलेला असतो, मान पण तिकडेच. डावा पाय जरासा पुढे, उजवा आत दुमडलेला. डावीकडे काहीच नाही, तिथे मांजर बसलं तरी चालेल.

मी तिथे बराच वेळ बसले. खिडकीतून काय दिसतं तर समोरच्या घराचा नळाचा पाइप. दिवसभर ते तेच बघतात. खुर्ची फिरवायला पाहिजे होती, ते मला बसल्याशिवाय सुचलं नाही. उठून फिरवली. आता त्यांना रस्ता दिसतो, आणि बसचा थांबा.

तू पास हो. मागे काय लिहिलं होतं ते विसर. किंवा विसरू नकोस, पण पास हो.

माया उजवीकडे कललेली असली तरी आहे.

ताई


१३ सप्टेंबर

ती. ताईस आणि ती. बाबांस (ताई, हे मोठ्याने वाच),

दोघांना मिळून एक मोठा नमस्कार, वाटून घ्यावा. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी डावीकडचा सगळा पुठ्ठा काढून घेतला, पुढे एक पातळ पाय ठेवला नावापुरता. काढलेलं सगळं उजवीकडे घातलं, उभ्या नळ्यांचं, एकाला एक लागून, पुस्तकांसारखं. तो सुटा डावा हात पण कापून उजवीकडे बैठकीखालीच घातला. पाठीला एक तिरकी पट्टी दिली, डाव्या खांद्यापासून उजव्या पायापर्यंत. भिंगने न सांगता रात्रभर खाचा घासून दिल्या. सकाळी तिचा चष्मा पुठ्ठ्याच्या भुशाने झाकला होता, बिचारीला वाटलं धुकं पडलंय.

सोमवारी सगळा वर्ग गोल करून उभा. मॅडम स्टुलावर, हातात कप. मी बसले बाबांसारखी. उजवीकडे सोडून दिलं, मान तिकडे, उजवा हात खुर्चीच्या हातावर टाकला, डावा पाय पुढे. खुर्ची एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. कुणीतरी मागून म्हणालं की ही झोपलीय. मॅडम फुंकर मारत होत्या. ताई, मी तशी बसले होते आणि मला काही होत नव्हतं. उजवा हात जड झाला, मग तो माझा आहे हेच विसरले. समोर भिंत होती. भिंतीवर एक खिळा. मी त्या खिळ्याकडे बघत राहिले.

चहा अर्धा झाला तेव्हा मॅडमनी कप ठेवला आणि म्हणाल्या की सरळ बस. मी म्हटलं सरळ बसणार नाही, ते सरळ बसत नाहीत. त्यांना वाटलं झाली हिची मस्करी सुरू. मला उठवलं आणि स्वतः बसल्या. बाबा, आमच्या मॅडम फूटपट्टी गिळल्यासारख्या ताठ आहेत. अशा ऐसपैस मधोमध बसल्या. मी सांगत होते, खरंच सांगत होते, पण ऐकतंय कोण. खुर्चीचा डावा पाय हळूच आत गेला, बैठक कलली, आणि मॅडम कप वाचवायला गेल्या तशा डावीकडून, जिथून ताई तुम्हाला पलंगावर नेते तिथूनच, घसरून खाली. आवाज न करता. पिशवी न ठेवता, बाबा. कप सरळ, चहा सांडला नाही, मॅडम जमिनीवर.

एरवी मी अशा वेळी दाराबाहेर असते. या वेळी उभी राहिले. वर्गात कुणी हसेना, सगळे माझ्याकडे बघत होते, की हिने हे ठरवून केलं. मॅडम खालूनच खुर्चीकडे बघत होत्या. खालून सगळं दिसतं, कुठे पुठ्ठा ठासलाय आणि कुठे पोकळ आहे. मग त्यांनी विचारलं की हिच्यात कोण बसतं. मी सांगितलं. बस चालवायचे, आता त्यांची एक बाजू बधिर आहे, आणि हात का कापला ते. सांगताना माझा आवाज घोषणा केल्यासारखा येत होता, पुढचा थांबा अमुक, उतरून घ्या.

त्या उठल्या. खुर्चीचा डावा पाय नुसता दुमडला होता, तो स्वतः सरळ केला. आणि पुन्हा बसल्या. या वेळी उजवीकडे. हळूहळू सगळं सोडून दिलं, खांदा, मान, हात. एवढी ताठ बाई, पण अगदी तशी. आणि ताई, तेव्हा मला बाबा दिसले. पहिल्यांदा दिसले, आत्ताचे. जिन्यात जे वाटलं नव्हतं, ते तिथे वाटलं. एवढंच सांगते.

खुर्ची टिकली. मॅडमनी उरलेला गार चहा तिच्यात बसून संपवला. त्याला फुंकर मारली नाही.

पास केलंय, काठावर. डाव्या पायाचे मार्क कापले, म्हणाल्या की हात गेला तर मार्क जात नाहीत, पण पाय दुमडला तर जातात. वरून विचारलं की ही ठेवणार कुठे. मी म्हटलं घरी नेणार नाही, घरी आहे.

पुढच्या सुट्टीला मी येते. पास झालेय म्हणून येते. आले की बाबांना मी सरकवणार, तू मला शिकव. आणि तू कुठेतरी जा. कुठेही जा. सरळ पाठीने बसून ये.

लोभ आहे, एका बाजूला जास्त आहे, सांभाळून बसावं.

तुमची,
लवंगी


१८ सप्टेंबर

चि. लवंगीस,

आशीर्वाद, मोजून न ठेवलेले.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांना नुकतं खुर्चीत बसवलं होतं. रस्ता दिसेल असं. मी शेजारी पलंगावर बसून वाचायला घेतलं. तू लिहिलं होतंस तसंच, मोठ्याने. भिंगचं धुकं, तुझा खिळा, सगळं. मॅडम खाली गेल्या तिथे मी वाचता वाचता अडखळले, मलाच हसू आलं म्हणून. किती महिन्यांनी आलं, बरं नाही वाटलं, ओळखीचं नसल्यासारखं वाटलं. मग पुढचं वाचलं आणि ते गेलं.

वाचून झालं. मी वाट बघितली. ते बाहेर बघत होते. थांब्यावर बस लागली होती, माणसं चढत होती. बस गेली. म्हणाले, बरं.

मी घडी घातली आणि उठले, मावशींनी कपडे भिजवले होते ते पिळायला. दारापर्यंत गेले असेन. मागून आवाज आला. मला आधी कळलं नाही, कारण झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून "बरं" सोडून दुसरा शब्द आलेला नव्हता. वळून बघितलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर, मी बसले होते तिथे, थापटलं. जीभ अडकली, सोडवली, पुन्हा म्हणाले.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. मॅडम पडतात तिथून सुरू करू का विचारलं तर मानेनेच नको सांगितलं. नमस्कारापासून वाचायला लावलं.

सुट्टीला ये. सरकवायला शिकवीन, सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. आता घरात दोन शब्द आहेत. मला हे पत्र पाठ होत आलंय, तेव्हा येण्याआधी दुसरं टाक. लांबलचक लिही.

तुझी,
ताई